संगतीचा संस्कार व शब्दाचे सामर्थ्य : नगर जिल्ह्याच्या इतिहासातील काही धडे

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी गोठ्यात पाहून केली. परंतु ती त्यांनी लागू केली माणसांना. मनुष्य आपले वर्तन स्वतःच्या बुद्धीने ठरवितो असे त्यास वाटत असते. वस्तुतः त्याने कसे बोलावे, काय खावे, लग्नात किती खर्च करावा, कोणाच्या घरचे पाणी प्यावे व कोणाच्या घरचे पिऊ नये, यांतील बहुतेक गोष्टी त्याच्या भोवतालच्या माणसांनी आणि त्याच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांनी अगोदरच ठरवून ठेवलेल्या असतात. शाळामास्तर म्हणून ज्याचे आयुष्य गेले, त्यास हे निराळे सांगावे लागत नाही. मुले पुस्तकातील धडा विसरतात; गुरुजींची बोलण्याची लकब मात्र जन्मभर विसरत नाहीत.

हा विषय केवळ तात्त्विक नाही. ज्या जिल्ह्याचे नाव काल-परवापर्यंत अहमदनगर होते व आज अहिल्यानगर आहे, त्याच्या मातीत या विषयाची उदाहरणे जागोजाग विखुरलेली आहेत. त्यांतील काही ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ नेवाशापासूनच केला पाहिजे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या तीरावर श्रीज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला व सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. जे ज्ञान संस्कृताच्या कडीकुलुपात होते, ते ऐकणाऱ्याच्या भाषेत आले. त्यानंतरची कित्येक शतके, जेव्हा छापखाना नव्हता व अक्षरओळख हजारांत एखाद्यास होती, तेव्हा कीर्तन आणि भजन हेच या प्रांताचे वृत्तपत्र होते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांनी किती माणसांच्या गळ्यात माळ घातली आणि हातातील पेला सोडविला, याची मोजदाद कोणी केलेली नाही. विसाव्या शतकातही या साधनाचे बळ ओसरले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातील अकोळनेर येथे जन्मलेले दासगणू महाराज आधी पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांनी आपल्या कीर्तनांतून शिर्डीच्या साईबाबांचे नाव महाराष्ट्रभर नेले आणि ज्यांनी शिर्डी कधी पाहिली नव्हती, त्यांची पावले तिकडे वळली. पुढे १९७७ साली निघालेल्या हिंदी चित्रपटाने तेच नाव देशभर पसरविले. साधन बदलले, कार्य तेच राहिले.

छापील शब्दाचे युग नगरात लवकर उजाडले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ च्या जूनमध्ये 'ज्ञानोदय' हे पत्र नगरातूनच सुरू केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. परंतु इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने हेतूबरोबर परिणामही पाहिला पाहिजे. याच मिशनच्या सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ साली नगरास आल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत येथेच मुलींना शिकवीत राहिल्या. पुण्याचे तरुण जोतीराव फुले नगरास आले असता त्यांनी या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्यानंतर १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. फॅरारबाईंच्या शाळा पाहून आपल्या मनावर परिणाम झाला, ही गोष्ट जोतीरावांनी स्वतः सांगितली असून ती १८५३ साली 'ज्ञानोदया'तच छापली गेली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे शिक्षण नगरास फॅरारबाईंकडे घेतले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने युक्तिवाद त्या काळी थोडेफार होतच होते. परंतु मुली ओळीने बसून पाटीवर अक्षरे गिरवीत आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर 'असे होऊ शकते काय?' हा प्रश्नच उरत नाही; 'आपल्याकडे का होत नाही?' हा प्रश्न उभा राहतो. प्रत्यक्ष पाहिलेल्या उदाहरणाचे सामर्थ्य ते हे.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भोवतालची माणसे जशी वर नेतात, तशीच खालीही ओढतात. जोतीरावांचे वडील गोविंदराव हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मुलाला शिकविणारे तेच होते. तरीही लोकांच्या दडपणापुढे त्यांना नमावे लागले आणि मुलासुनेला घराबाहेर जाण्यास सांगावे लागले. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-माती फेकणारे हातही शेजारपाजारचेच होते. 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द आपल्या समाजात कायद्याच्या पुस्तकापेक्षा अधिक जड आहेत. बापाच्या मायेवरही ते मात करतात, हे या प्रसंगावरून दिसते.

संगतीने माणूस हळूहळू कसा बदलतो, याचे याहूनही सूक्ष्म उदाहरण नगरच्याच टिळक दांपत्याचे आहे. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार वाचावयास दिला. डब्यातील त्या भेटीचा व एका पुस्तकाचा शेवट १८९५ साली त्यांच्या धर्मांतरात झाला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर तर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. पुढे निरनिराळ्या जातींच्या माणसांत राहता राहता, त्यांची सुखदुःखे पाहता पाहता, शिवाशिवीची भिंत त्यांच्या मनातून आपोआप ढासळली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात जसा घडला तसा लिहून ठेवला आहे. धर्मांतराविषयी प्रत्येकाचे मत निराळे असू शकेल. तो प्रश्न येथे नाही. दहा व्याख्यानांनी जे झाले नसते, ते शेजाराने झाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आता ज्या पत्राचा अभिमान प्रत्येक नगरवासीयास वाटला पाहिजे, त्या 'दीनमित्रा'कडे वळू. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' पत्र काढले होते. त्यांचेच पुत्र मुकुंदराव हे नेवासे तालुक्यातील तरवडीच्या गणपतराव पाटलांच्या घरी दत्तक गेले. गणपतरावांनी 'दीनमित्र' नावाचे मासिक चालविले होते. ते त्यांच्या अकाली मृत्यूने बंद पडले. मुकुंदरावांनी १९१० साली ते नाव साप्ताहिकाच्या रूपाने पुन्हा जिवंत केले आणि १९६७ साली देह ठेवीपर्यंत आपले आयुष्य त्यास वाहिले.

वृत्तपत्र म्हटले की मुंबई-पुणे, असा ज्या काळी समज होता, त्या काळी तरवडीसारख्या खेड्यात छापखाना आणून साप्ताहिक चालविणे हे धाडस आज आपल्या कल्पनेतही येणार नाही. खिळे जुळवावयाचे, कागद आणावयाचा, वर्गणी गोळा करावयाची, अंक टपालात टाकावयाचे, आणि हे सर्व अशा वाचकांसाठी की ज्यांतील पुष्कळांना वाचताच येत नव्हते! परंतु खेड्यातील वृत्तपत्राची गंमत अशी की, एक जण वाचतो व दहा जण ऐकतात. पारावर, चावडीत, देवळाच्या ओट्यावर अंक वाचला जावा, मध्येच कोणी शंका विचारावी, कोणी हसावे, कोणी रागावून उठावे, अशी ती रीत. वाचन ही एकट्याची गोष्ट नव्हती. ते गावकीचे काम होते. खोटी बातमी असेल तर ती तेथेच दहा जणांच्या तोंडी तपासली जाई.

मुकुंदरावांनी लिहिले ते शेतकऱ्याच्या घरातील भाषेत. सावकाराचे कर्ज, गावकामगारांचा जाच, लग्न-मर्तिकातील उधळपट्टी, अंधश्रद्धा, मुलांना शाळेत न धाडणे, हे त्यांचे विषय. १९१३ सालच्या 'कुळकर्णी लीलामृत' या ओवीबद्ध पुस्तकात त्यांनी पोथीचाच घाट घेऊन कुलकर्णी वतनाचा समाचार घेतला. पोथी ऐकण्याची ज्या कानांना सवय होती, त्यांना नवा विचार पोथीच्याच चालीवर ऐकविला. यात मोठे शहाणपण होते. ऐकणाऱ्याच्या सवयीचा मान राखला, म्हणजेच त्याची सवय बदलता येते. पुढे १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द केली. एका पत्राने किंवा एका पुस्तकाने हे घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या हवेत असे निर्णय शक्य होतात, ती हवा असल्या पत्रांनीच तयार केली, हे निःसंशय.

स्वातंत्र्योत्तर काळातील उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे दुष्काळाने व दारूने पोखरलेले गाव. कामासाठी लोक गाव सोडून जात. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकीनंतर पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाच्या हाती गावाने कारभार दिला. प्रथम लक्ष शाळेकडे पुरविले गेले. मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री आली. शेतीसाठी कूपनलिका घेऊ नये असा निर्बंध ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतला. गेलेली कुटुंबे परत आली. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शेजाऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली की आपल्याही हातातील कुऱ्हाड जड वाटू लागते, हे या गावाचे इंगित आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर असेच परिवर्तन घडविले. तेथे मद्यपींना खांबास बांधून शिक्षा झाल्याचेही सर्वश्रुत आहे. माझे नम्र मत असे की, धाकाने सुटलेली सवय धाक संपला की परत येते. उदाहरणाने सुटलेली सहसा येत नाही.

हे झाले चांगल्या संगतीचे फळ. परंतु शब्दाची धार दुहेरी असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे, दूरच्या गावाहून आलेले लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होती. मारणारे हात कोणी दरोडेखोरांचे नव्हते. सकाळी बाजाराला निघालेल्या सामान्य माणसांचेच होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, असा निर्बंध घातला. यंत्राला लगाम बसला. मनाला कोण लावणार?

'दीनमित्र' आणि हा मोबाईल यांतील भेद येथे ध्यानात येतो. पारावरचा अंक दहा जण एकत्र ऐकत व कोणी तरी 'हे खरे कशावरून?' असे विचारी. मोबाईलवरील मजकूर प्रत्येक जण एकट्याने वाचतो व कोणालाही न विचारता शंभरांना धाडतो. अंकाखाली मुकुंदरावांचे नाव असे. लिहिल्याची जबाबदारी एका माणसाच्या शिरावर होती. अफवेला बाप नसतो.

या इतिहासापासून आपल्या समाजाने काय घ्यावे? हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तो आपल्या घरात किती पोचला, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. कर्ज काढून लग्न करणारा बाप मूर्ख नसतो. त्याच्या शेजाऱ्याने मोठा मंडप घातलेला असतो, एवढेच. म्हणून माझी या मंडळास व स्मरणिकेच्या संपादकांस आग्रहाची विनंती आहे की, थाटामाटाच्या विवाहांची छायाचित्रे छापण्याऐवजी ज्यांनी हुंड्याविना, साधेपणाने विवाह केले, त्यांची नावे पहिल्या पानावर छापावीत. वाचनालयास पुस्तके देणाऱ्याचा सत्कार मिरवणुकीस वर्गणी देणाऱ्याच्या अगोदर व्हावा. समाजाच्या मोबाईल-गटावर येणाऱ्या मजकुराची शहानिशा करण्यास दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात. आणि दुसऱ्या जातीविषयी विष पेरणारा मजकूर, तो कितीही 'आपल्या' बाजूचा असो, तेथेच थांबवावा. राईनपाड्याला मेलेले पाच जणही कोणाच्या तरी ज्ञातीचे होते.

आपण कोणाच्या संगतीत जन्मावे, हे आपल्या हाती नाही. परंतु आपण इतरांस कोणती संगत द्यावी, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. नगरच्या एका शाळेने पुण्यातील शाळेस जन्म दिला आणि तरवडीच्या एका छापखान्याने शेकडो पारांवर दिवा लावला. आपल्या घराकडे, आपल्या गटाकडे, आपल्या या स्मरणिकेकडे पाहून उद्या कोण काय शिकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.