दारं मोजून माणसं

नेरळ स्टेशनाबाहेर मिनीडोरमध्ये बसलं की पोशीर येईपर्यंत एकच हाक: "सरका जरा, अजून एक बसंल." लहानपण त्यातच गेलं. पुढे सांताक्रूझच्या हँगरमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागलो, तेव्हा कळलं की विमानात किती माणसं बसवायची हे जागेवरून नाही, दारांवरून ठरतं.

हा हिशेब आगीने शिकवला. 11 नोव्हेंबर 1965 ला अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला एक बोइंग 727 उतरताना आपटलं. 91 पैकी 43 माणसं गेली. आदळून नव्हे, आगीत आणि धुरात. विमान रिकामं करून दाखवायला तेव्हा दोन मिनिटं मिळत, 1967 मध्ये दीडच उरलं. तेही अंधारात, वाटेत सामान टाकून, निम्मीच दारं वापरून. हॅम्बुर्गला मार्च 2006 मध्ये अशाच चाचणीत ए380 विमानातून 873 माणसं 78 सेकंदांत घसरगुंडीवरून खाली आली. एकाचा पाय मोडला, पण 853 प्रवाशांची मर्यादा मंजूर झाली.

सर्वांत मोठ्या दारांच्या एका जोडीला 110 प्रवासी, असं कोष्टक. 1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं जम्बो आलं, त्याच्या खालच्या मजल्यावर अशा पाच जोड्या. म्हणजे 550. इतक्या खुर्च्या सहसा कोणी लावत नसे, ते सोडा.

मला खरी गंमत वाटते ती 737-900 ची. बोइंगने 737-800 अडीच मीटरहून जास्त लांबवलं, दारं मात्र तेवढीच ठेवली. मर्यादा 189 होती, 189 च राहिली! जेट एअरवेजकडे होती ही विमानं. मग 900ईआर मध्ये पंखामागे दारांची आणखी एक जोडी आली, मर्यादा 220 वर गेली आणि स्पाइसजेटने 212 खुर्च्या बसवल्या. ज्यांना इतक्या खुर्च्या नकोत, त्यांच्यासाठी ते दार बसवतच नाहीत, भोक झाकणाने बुजवतात. आतून ती साधी भिंतच दिसते. जानेवारी 2024 मध्ये पोर्टलंडहून उडालेल्या, 900ईआर नंतर आलेल्या 737-9 चं असंच झाकण हवेत निखळलं.

पुतण्या मिनीडोर चालवतो. त्याला हे सगळं सांगितलं. मागे चौथा माणूस दाटीवाटीने बसवत तो म्हणाला, "काका, आपल्या गाडीला दारंच नाय."