मधुमेही मांजराचं अन्न बदललं आणि पोट बिघडलं, मग इन्सुलिन द्यायचं की नाही?

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठेही जा, घरच्या मांजराचं जेवण ठरलेलं असतं. सकाळी दूध-भाकरी, चहाच्या वेळी बशीत थोडं दूध, आणि रविवारी चिकन शिजलं की रश्शातला तुकडा. गेल्या काही वर्षांत त्यात पाकिटातल्या कोरड्या दाण्यांची भर पडली. मग आठ-दहा वर्षांचा गुबगुबीत बोका अचानक पाणी जास्त प्यायला लागतो, लघवीचे ढीग होतात, खाऊनही वाळतो. तपासणीत मधुमेह निघतो. डॉक्टर सांगतात, इन्सुलिन सुरू करा आणि अन्न बदला. घरचे त्याच संध्याकाळी जुनं पाकीट बाहेर टाकतात आणि नवीन अन्न वाढतात. तिसऱ्या दिवशी पातळ शी, उलटी, आणि मांजर ताटलीकडे बघतही नाही.

आणि घड्याळात इंजेक्शनची वेळ झालेली असते. खरी अडचण इथे आहे. पोट बिघडणं साध्या मांजरात दोन दिवसांचा त्रास असतो. इन्सुलिनवरच्या मांजरात तोच त्रास जिवावर बेतू शकतो.

अन्न बदलायला का सांगतात?

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याचं शरीर प्रथिनं आणि चरबीवर चालायला बनलेलं आहे. पिठूळ पदार्थांतून एकदम येणारी साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची ताकद कमी असते. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो. वाढलेलं वजन, घरात बसून राहणं, वाढतं वय आणि नर असणं, यामुळे धोका वाढतो. खाजेसाठी पुन्हा पुन्हा दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही मधुमेह ओढवून आणू शकतात, त्यामुळे जुने उपचारांचे कागद डॉक्टरांना दाखवलेले बरे.

म्हणून मधुमेही मांजराला कमी पिठाचं, जास्त प्रथिनांचं अन्न देतात. एकूण ऊर्जेपैकी साधारण १२ टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा पिठूळ पदार्थांतून यावी, असं धोरण पशुवैद्यक ठेवतात. पाकिटावर हा आकडा बहुतेक लिहिलेला नसतो, पण काढता येतो. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख यांची बेरीज १०० मधून वजा करायची. समजा कोरड्या दाण्यांत प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ टक्के आहे. बेरीज ६६, म्हणजे पीठ ३४ टक्के. ऊर्जेत मोजलं तर जवळपास ३६ टक्के. आता ओलं पाऊच घ्या: प्रथिनं १०, चरबी ३, तंतू १, ओलावा ८२, राख २. उरलं २ टक्के. ऊर्जेतला वाटा साधारण १० टक्के. राखेचा आकडा छापलेला नसेल तर कोरड्या अन्नासाठी ७-८ आणि ओल्यासाठी २ धरून अंदाज येतो. घट्ट ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये बऱ्याचदा स्टार्च असतो, तेव्हा ओलं आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

भाकरी, भात, पोळी, बिस्कीट हे सगळं यात बाद होतं. ज्वारीची भाकरी माणसाच्या मधुमेहात चालते म्हणून मांजरालाही चालेल, हा हिशोब चुकीचा आहे.

एका दिवसात बदल का नको?

दोन कारणं आहेत आणि दुसरं जास्त गंभीर आहे.

पहिलं आतड्यांचं. तिथल्या जिवाणूंना आणि पाचकरसांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून बदल साधारण ७ ते १० दिवसांत करायचा. आधी पाव भाग नवीन, दोन-तीन दिवसांनी निम्मा, मग पाऊण. ज्या मांजराचं पोट आधीपासून नाजूक आहे त्याला दोन-तीन आठवडेही लागतात. शी पातळ झाली तर ज्या प्रमाणावर ती ठीक होती तिथे परत जायचं आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबायचं. या काळात नवी जंताची गोळी, नवं टॉनिक, नवा खाऊ असं काहीही सुरू करू नका, नाहीतर कशाने बिघडलं ते कळणारच नाही.

दुसरं कारण इन्सुलिनचं. इन्सुलिनचा डोस जुन्या, पिठूळ अन्नावर ठरलेला असतो. पीठ कमी झालं की रक्तातली साखर काही दिवसांत बरीच खाली येऊ शकते. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्यामुळे अन्न बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणं आणि बदलाच्या काळात घरी साखर तपासणं, या दोन्ही गोष्टी लागतात. कानाच्या कडेला बारीक टोचून ग्लुकोमीटरवर ती मोजता येते. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो, हे डॉक्टरांना आकडे सांगताना लक्षात ठेवा. चांगली बाजू अशी, की लवकर इन्सुलिन आणि कमी पिठाचं अन्न मिळालेल्या काही मांजरांना पुढे इन्सुलिनची गरजच उरत नाही.

मांजर खात नाही, इंजेक्शनचं काय?

पूर्ण खाल्लं तर ठरलेला डोस. अर्धवट खाल्लं तर बरेच डॉक्टर डोस निम्मा करायला सांगतात. काहीच खाल्लं नाही किंवा खाल्लेलं उलटून पडलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण डोस देऊ नका. फोन लागत नसेल तर एक डोस चुकणं हे जास्त डोस जाण्यापेक्षा कमी धोक्याचं असतं. पण इन्सुलिन आपल्या मनाने दिवसभर बंद ठेवायचं नाही. आजारी मधुमेही मांजरात इन्सुलिन बंद पडलं की रक्तात कीटोन साठतात, आणि त्याची सुरुवातही उलटी आणि न खाण्यानेच होते. म्हणजे पोट बिघडल्यामुळे मांजर खात नाही, की कीटोनमुळे पोट बिघडलंय, हे नुसतं बघून कळत नाही. केमिस्टकडे लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या घरात असाव्यात. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, जोरात श्वास, सुस्ती, उलट्या दिसल्या तर रात्र काढू नका.

आपल्या मांजरासाठीचा 'खात नसेल तेव्हाचा डोस' ठणठणीत असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

साखर उतरल्याची लक्षणं वेगळी असतात: लटपटणं, थरथर, हरवल्यासारखी नजर, शेवटी झटके. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि थेट दवाखाना.

सिरिंजचा घोळ मोठा आहे. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, तर ग्लार्जिनसारखी इन्सुलिन १०० युनिटची. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने दिलं की अडीचपट डोस जातो. मांजराचा डोस मुळात एखाद्या युनिटचा. अडीचपट म्हणजे काय, ते सांगायला नको.

उपाशी ठेवून पोट 'साफ' करायचं का?

नाही. माणसाला एक वेळ लंघन चालतं, मांजराला ते भारी पडतं. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ शकतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठायचे. पाण्यासारखी जुलाब, शीत रक्त किंवा सतत उलट्या असतील तर तेवढंही थांबू नये, कारण मधुमेही मांजराचं पाणी लघवीतून आधीच जात असतं. हिरड्या चिकट लागल्या, मानेवरची कातडी ओढून सोडल्यावर पटकन बसली नाही, तर शरीर कोरडं पडलंय.

सौम्य त्रासात मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन थोडं थोडं द्या. कुत्र्यांना देतात तसा त्यात भात मिसळू नका. हे दोन-तीन दिवसांपुरतंच, कारण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियमसारखी आवश्यक द्रव्यं पुरेशी नसतात. अन्न किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि रुसलेलं मांजर तोंड लावतं.

दूध आधी बंद. दूध सुटल्यावर मोठ्या मांजरांत दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते आणि बऱ्याच मांजरांना त्यानेच जुलाब होतात. कांदा-लसणाचा रस्सा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं, ते विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्याही नकोत. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचे तुकडे करून देण्याचा विचार डोक्यातून काढा. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी गोळी आणि द्रव स्वरूपातली औषधं मंजूर झाली, पण त्यांचाही जुलाब हा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत.

आठवडा उलटूनही पोट सुधारलं नाही, तर दोष नव्या अन्नाचा नसेलही. मधुमेही मांजरांत स्वादुपिंडाला सूज असणं बऱ्याचदा आढळतं. त्यासाठी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लागते.

कच्चं मांस द्यावं का?

'नैसर्गिक' म्हणून कच्चं चिकन देण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. परभणीकरांनी इथे मुरुंबा आठवावा. जानेवारी २०२१ मध्ये याच गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. हा विषाणू मांजरवर्गातल्या प्राण्यांनाही मारतो. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातल्या तीन वाघ आणि एका बिबट्याचे मृत्यू त्यामुळेच झाल्याचं जानेवारी २०२५ मध्ये समोर आलं. साल्मोनेलासारखे जंतू वेगळेच. चिकन शिजवूनच द्या.

मे महिन्यातली परभणी

पारा ४२-४३ अंशांवर गेला की ओलं अन्न ताटलीत पटकन आंबतं. 'नवीन अन्न पचलं नाही' असं वाटतं, पण ते खराब झालेलं असतं. अर्ध्या-पाऊण तासात उरलेलं उचला आणि उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण गोठता कामा नये. वीज गेली तर बाटली डब्यात घालून मातीच्या माठाजवळ, ओल्या फडक्यात ठेवता येते. उन्हात राहिलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, काम मात्र करत नाही. अशा वेळी साखर अचानक वाढली तर डोस वाढवण्याआधी बाटली बदलून बघा.

गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी चालतात. मांजराच्या मधुमेहासाठी परभणी शहरातलं पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय जवळचं ठिकाण आहे. १९७२ मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. जिंतूर किंवा गंगाखेडहून चाळीसेक किलोमीटर यायचं असेल तर आधी फोन करून निघा, आणि सोबत साखरेच्या आकड्यांची वही, इन्सुलिनची बाटली, वापरात असलेली सिरिंज, अन्नाच्या पाकिटाचा फोटो आणि ताज्या शीचा नमुना घ्या.