एण्णुम् एळुत्तुम्: पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी कृतीतून शिक्षण (तंजावरच्या मराठी पालकांसाठी माहिती)

योजना काय आहे?
‘एण्णुम् एळुत्तुम्’ म्हणजे अंक आणि अक्षर. तमिळनाडू शासनाच्या शालेय शिक्षण विभागाचा हा कार्यक्रम 13 जून 2022 रोजी सुरू झाला. कोविडमुळे मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या प्राथमिक शाळा 1 नोव्हेंबर 2021 रोजी उघडल्या. या काळात लहान मुलांचे वाचन आणि गणित मागे पडले होते. आठ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2025 पर्यंत समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत, हे सुरुवातीचे उद्दिष्ट होते.

लाभ कोणाला?
शासकीय शाळांतील पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी योजना सुरू झाली. 2023-24 पासून चौथी आणि पाचवीचाही समावेश झाला. वेगळा अर्ज किंवा शुल्क नाही. शाळेत नाव दाखल असले की पुरे.

वर्गात काय होते?
तमिळ, इंग्रजी आणि गणित हे विषय गाणी, गोष्टी, बाहुल्या, चित्रकार्डे, खेळ आणि नाट्य यांतून शिकवले जातात. मुलांना कृतिपुस्तिका मिळतात. इयत्ता कोणतीही असो, मुलाला आज जे येते त्यानुसार गट ठरतो:

- अरुम्बु (कळी): अक्षरे आणि अंक यांची ओळख होत असलेली मुले
- मोट्टु (उमलू लागलेली कळी): मधल्या टप्प्यावरील मुले
- मलर (फूल): इयत्तेच्या अपेक्षित पातळीवरील मुले

शिक्षक वेळोवेळी मूल्यमापन करतात. प्रगती झाली की गट बदलतो.

माझे मूल ‘अरुम्बु’ गटात आहे. ते नापास झाले का?
नाही. गट शिकवण्याच्या सोयीसाठी असतो. त्यामुळे मुलाचे वर्ष वाया जात नाही.

घरी मराठी आणि शाळेत तमिळ असल्याने अडचण येते का?
सुरुवातीला काही चुका होऊ शकतात. त्यांचे कारण भाषेत असते, मुलाच्या बुद्धीत नाही. दोन उदाहरणे पाहा.

*अंक:* मराठीत ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी येतात आणि चाळीस नंतर. तमिळमध्ये ‘नार्पत्तु मून्रु’ म्हणजे आधी चाळीस, मग तीन. म्हणून घरी मराठीत मोजणारे मूल 43 च्या जागी 34 लिहू शकते.

*अक्षर:* मराठीत क, ख, ग, घ ही चार अक्षरे आहेत. तमिळ लिपीत या सर्वांसाठी एकच अक्षर आहे. चार आवाज वेगळे ऐकणारे मूल वाचताना अडखळले, तर त्याला थोडा वेळ द्यावा.

पालकांनी काय करावे?

1. घरी मराठी बोलणे बंद करू नये. मराठीत गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगू शकणारे मूल तमिळ गोष्टही लवकर समजून घेते. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यात 19व्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या होत्या. आजही झोपण्यापूर्वी एक गोष्ट पुरेशी आहे.
2. 43 चिंचोके घेऊन दहा-दहाचे चार ढीग करावेत, तीन सुटे ठेवावेत. ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असे म्हणून मुलाकडून 43 लिहून घ्यावे.
3. पल्लांगुळी खेळावी. चिंचोके एकेक करून वाटताना मोजणी, बेरीज आणि वजाबाकी आपोआप होते.
4. आपल्याला तमिळ वाचता येत नसेल, तरी कृतिपुस्तिका रोज पाहावी. आज काय केले, ते मुलाला मराठीत सांगायला लावावे.
5. घरची भाषा मराठी आहे, हे वर्गशिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे. ही माहिती नसेल, तर भाषेमुळे गप्प बसणारे मूल ‘काही येत नाही’ असे समजले जाण्याची शक्यता असते.

सोबतची सुविधा
शासकीय प्राथमिक शाळांतील पहिली ते पाचवीच्या मुलांना मुख्यमंत्री नाश्ता योजनेतून शाळेच्या दिवशी सकाळचा नाश्ता मोफत मिळतो. ऑगस्ट 2023 पासून ही योजना राज्यभर लागू आहे.

अडचण असल्यास कोठे जावे?
प्रथम वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना भेटावे. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीकडे विषय मांडावा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून आपणही सदस्य होऊ शकता. शालेय शिक्षण विभागाचा मदत क्रमांक 14417 आहे.