स्क्वॉटचा बार पाठीवर नेमका कुठे?

नगरच्या कुठल्याही जिममध्ये जा. बार पाठीवर घेताना एक जण सांगतो 'वर घे', दुसरा म्हणतो 'खाली घे'. दोघांनाही आपलंच खरं वाटतं. हा वाद आला कुठून?

आपल्या तालमीतल्या बैठकांना बार नव्हता, म्हणून हा प्रश्नही नव्हता. हेन्री स्टाइनबॉर्न हे जर्मन पहिलवान १९२१ मध्ये अमेरिकेत गेले. ते जड बार एका टोकावर उभा करायचे, तिरका करत पाठीवर घ्यायचे आणि बैठका मारायचे. बार ठेवायचे स्टँड तेव्हा सर्रास नव्हते. पुढे स्टँड रुळले आणि जागा निवडणं सोपं झालं.

वेटलिफ्टर बार मानेखालच्या मांसल भागावर घेतात. धड जास्त सरळ राहतं, गुडघ्यांकडे काम वाढतं. पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. तिथे ध्येय एकच, जास्तीत जास्त वजन. म्हणून अनेक जण बार थोडा खाली, खांद्यांच्या मागच्या स्नायूंवर घेतात. धड पुढे झुकतं, काम नितंबांकडे जातं. पोतं पाठीवर घेतलेला मार्केट यार्डातला हमालही असाच वाकतो, कारण भार पावलांच्या वर राहायला हवा. मानेच्या हाडावर बार टेकवणं मात्र दोन्ही पद्धतींत चूकच.

आता तुमच्यासाठी मुद्दा. 'योग्य जागा कोणती?' हा संशोधनप्रश्न होत नाही. 'कोणत्या हेतूसाठी, कोणत्या सांध्यावर किती भार?' हे मात्र मोजता येतं. तुमच्या विषयात 'योग्य' हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा: कशासाठी योग्य, आणि कधीपासून?