कुत्रं बाहेर ठेवणं म्हणजे हेळसांड का? कायदा काय सांगतो आणि वस्तीवर काय करावं

आपल्या भागात कुत्रं घरात घेण्याची पद्धत नाही. ते ओट्यावर, गोठ्याच्या दाराशी, खळ्यावर नाहीतर वस्तीच्या तोंडाशी असतं. पण सुट्टीला शहरातून आलेला भाचा किंवा जावई विचारतो, "कुत्रं रात्रभर बाहेर? ही तर हेळसांड झाली." घरची म्हातारी माणसं म्हणतात, "आमच्या आज्यापासून कुत्रं बाहेरच असतंय. ते काय गादीवर झोपणारंय का?" वाद तिथंच राहतो आणि कुत्रं होतं तिथंच बांधलेलं राहतं.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. कुत्रं बाहेर ठेवणं हा गुन्हा नाही. बाहेर ठेवून त्याला पाणी, सावली, पोटभर खाणं न देणं आणि दिवसच्या दिवस साखळीला ठेवणं, हा गुन्हा आहे. बऱ्याच वस्त्यांवर नेमकी हीच गोष्ट सर्रास चालते आणि ती चूक आहे असं कुणाला वाटतही नाही.

कायद्यात काय लिहिलंय?

देशभर लागू असलेला कायदा म्हणजे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६०. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्यानं त्याचं भलं पाहायचं आणि त्याला विनाकारण त्रास होऊ नये म्हणून वाजवी उपाय करायचे. कलम ११ मध्ये क्रूरता कशाला म्हणायचं याची यादी आहे. आपल्या कामाच्या बाबी त्यातल्या चार :

१. जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं, दोरीनं जास्त वेळ बांधून ठेवणं.
२. नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवून न आणणं. यात कायद्यानं कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय.
३. मालक असून पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं.
४. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं.

"बाहेर" हा शब्द या यादीत कुठंच नाही. साखळी किती फुटांची हवी, किती तास बांधायचं, हेही कायद्यानं आकड्यात सांगितलेलं नाही. "अवाजवी" म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात परिस्थिती पाहून ठरतं.

बैलगाडा शर्यतीचा खटला आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. ७ मे २०१४ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच दोन कलमांचा आधार घेतला होता आणि जनावरांच्या पाच गरजा सांगितल्या होत्या : भूक-तहान नसावी, राहायची जागा बरी असावी, दुखणं-जखम-आजार यांपासून संरक्षण असावं, भीती आणि ताण नसावा, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणं वागता यावं. शर्यतीचं पुढं काय झालं, राज्यांनी कायदे बदलले, २०२३ मध्ये घटनापीठानं ते मान्य केले, तो विषय वेगळा. या पाच गरजा मात्र कुत्र्यालाही लागू पडतात. आपलं कुत्रं बाहेर राहून या पाचही गोष्टींत बसत असेल तर कुणी काही म्हणायचं कारण नाही.

साखळीचा प्रश्न

बातमीसाठी वस्त्यांवर जावं लागतं. तिथं एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. चार फुटांची साखळी, खुंट्याभोवती पायानं झिजून गोल झालेली जमीन, आणि त्या गोलातच खाणं, हगणं-मुतणं आणि झोपणं. कुत्रं सकाळी बांधलेलं असतं आणि दुसऱ्या सकाळीही तिथंच असतं. अशा कुत्र्याला मालक "कडक राखण करतंय" म्हणतो. खरं तर सतत बांधलेलं कुत्रं चिडचिडं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर, लेकरांवर धावून जातं, आणि एखाद्या दिवशी साखळी तुटली की चावतं.

बांधणं टाळता येत नसेल तर एवढं करा :

– दोन खांबांमध्ये तार ओढून तिच्यावर सरकणारी कडी बसवा आणि साखळी त्या कडीत अडकवा. कुत्र्याला तारेच्या लांबीइतकं फिरता येतं. तारेच्या दोन्ही टोकांना अडसर ठेवा, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळली जाणार नाही. जवळ भिंत किंवा कठडा नको. उडी मारून पलीकडं लटकलं तर फास लागतो.
– साखळीला गरागरा फिरणारी कडी हवी, नाहीतर पीळ बसून ती आखूड होत जाते.
– गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लाला बांधलेला पट्टा किंवा सुतळी दर पंधरा दिवसांनी पाहा. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. तो मानेत रुततो, जखम होते, माशी बसते आणि अळ्या पडतात. केसांमुळं हे लवकर दिसत नाही, वास सुटल्यावर कळतं.
– सकाळ-संध्याकाळ सोडा. मळ्यात पाणी धरायला जाताना बरोबर न्या. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

ऊन, पाऊस, थंडी

माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. थोडा घाम पंजाच्या गादीला येतो, बाकी सगळी उष्णता तोंड उघडं टाकून धापा टाकत बाहेर काढावी लागते. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. त्यामुळं एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बांधलेलं कुत्रं सावलीत असूनही भाजून निघतं. पत्र्यापेक्षा झाडाची सावली बरी. पत्राच असेल तर त्यावर पाचट टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. सावली सकाळी एका जागी असते, दुपारी दुसऱ्या. खुंटा ठोकताना दुपारची सावली धरून ठोका.

पाणी वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं पाणी उन्हात कढत होतं आणि भांडं लवंडतं. मातीचं किंवा सिमेंटचं जड भांडं सावलीत ठेवा.

जोरजोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी अशी लक्षणं दिसली तर ऊन लागलंय असं समजा. सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, पंजांवर साधं गार पाणी ओता, वारा घाला, थोडं थोडं पाणी पाजा आणि डॉक्टरला बोलवा. बर्फाचं पाणी नको.

पावसाळ्यात आणि थंडीत जमिनीपासून वीतभर उंच, कोरडी आणि वाऱ्याकडं पाठ असलेली जागा द्या. लाकडी फळी, तिच्यावर भुसकट किंवा कोरडं गोणपाट पुरतं. ओलं गोणपाट नसलेलं बरं. पिल्लं, म्हातारी कुत्री, व्यालेली कुत्री यांना डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गोठ्यात किंवा पडवीत घ्यावंच लागतं.

जात पाहून ठरवा

गावठी कुत्रं आपल्या हवेत वाढलेलं असतं. कारवान किंवा मुधोळसारखी बारीक अंगाची, आखूड केसांची कुत्रीही ऊन बऱ्यापैकी सोसतात, पण थंडीत त्यांना आडोसा लागतो. हल्ली गावातही हौसेनं लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग आणि कुठं कुठं हस्की आणतात. दाट केसांच्या हस्कीला किंवा चपट्या नाकाच्या पगला मे महिन्यात दिवसभर बाहेर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप टाकूनही उष्णता नीट बाहेर काढता येत नाही. त्याला पंखा आणि घरातली जागा देता येणार नसेल तर ते आणूच नये.

फार्महाऊसची कुत्री हा आणखी एक प्रकार. मालक शनिवारी-रविवारी येतो, बिस्किटं घालतो, फोटो काढतो. सोमवारपासून कुत्रं रखवालदाराच्या भरवशावर, आणि रखवालदार गावाला गेला की कुणाच्याच नाही. वर दिलेल्या यादीतला तिसरा आणि चौथा मुद्दा इथंच लागू होतो.

बिबट्याच्या पट्ट्यात हिशेब वेगळा

अकोले, संगमनेर, राहुरीपासून पलीकडं जुन्नर, शिरूरपर्यंत उसात बिबट्या राहतो, हे नवीन नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. कुत्रं हेच त्याचं मुख्य खाद्य ठरलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. राखणीला म्हणून दारात बांधलेलं कुत्रं भुंकून आपल्याला जागं करतं, हे खरं. पण बांधलेलं असल्यानं त्याला पळता येत नाही, आणि त्याच्यासाठी बिबट्या थेट उंबऱ्यापर्यंत येतो. त्याच ओट्यावर लेकरं झोपत असतील, पहाटे बाई चूल पेटवायला किंवा धार काढायला बाहेर येत असेल, तर धोका फक्त कुत्र्याला राहत नाही. ऊसतोडीच्या कोप्यांवर तर दारही नसतं.

म्हणून बिबट्याचा वावर असलेल्या गावात रात्री कुत्रं उघड्यावर बांधू नये. शेळ्या-कालवडींबरोबर बंद गोठ्यात किंवा जाळीच्या मजबूत पिंजऱ्यात घ्यावं. पिंजऱ्याला वरूनही जाळी हवी. आवाज आतूनही येतो, राखण आतूनही होते. काही जण कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, पण बांधलेल्या कुत्र्याला नुसत्या पट्ट्यावर सोडून देणं पुरेसं नाही. मेलेल्या कोंबड्या, उष्टं-खरकटं वस्तीजवळ टाकू नका. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. बिबट्या दिसल्यास वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

मग मोकळंच सोडलं तर?

"बांधायचं नाही म्हणता, तर सोडून देतो," असं म्हणणारेही आहेत. त्यातही मालकाची जबाबदारी सुटत नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरीकडं, कुत्रं त्रास देतं म्हणून त्याला विष घालणं, मारणं, लुळं करणं हा कलम ३२५ चा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे.

पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मालकाची जबाबदारी आहे. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला, नंतर डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि पुढं दरवर्षी. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला तर ही लस चुकवूच नये. ते रात्री कुणाशी भांडून आलं हे आपल्याला कळत नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, मिरची-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

तक्रार करायची तर

आधी मालकाशी बोला. बहुतेक ठिकाणी पाण्याचं भांडं आणि लांब साखळी एवढ्यावर काम भागतं. नाहीच ऐकलं तर तारखेसह फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. साखळी, उपासमार, निवारा या बाबींचे गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यामुळं न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून उशीर करू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडंही अर्ज करता येतो. आजारी, जखमी जनावरासाठी पशुसंवर्धनचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे.

शिक्षेचं म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० साली पन्नास रुपये मोठी रक्कम होती, आज त्यात दोन-तीन वडापाव येतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एवढ्या दंडाच्या भीतीनं कुणी सुधारेल अशी आशा नको. गावात हे काम शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगूनच होतं.

आपलंच कुत्रं तपासा

– लांबून बरगड्या मोजता येतात का? नुसती भाकरी-ताक पुरत नाही. डाळ, अंडं, मासळी किंवा मटणाचा तुकडा अधूनमधून हवा.
– मानेचे केस गेलेत का, पट्ट्याखाली जखम आहे का?
– कानात, पंजाच्या बेचक्यात गोचीड आहेत का? गोचिडांतून येणाऱ्या तापानं धडधाकट कुत्रं आठ-पंधरा दिवसांत खंगतं.
– भांड्यात आत्ता, या घडीला, पाणी आहे का?
– दुपारी दोन वाजता ते जिथं बांधलंय तिथं आपण अर्धा तास बसू शकतो का?
– गेल्या वर्षभरात रेबीजची लस दिलीय का?
– रात्री गोठ्याचं दार लावताना कुत्रं दाराच्या आत असतं की बाहेर?