टोयोटा लँड क्रूझर (६० मालिका)

टोयोटा लँड क्रूझर ६० मालिका ही जपानमधील टोयोटा कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेली, चारही चाकांना शक्ती पुरवू शकणारी स्टेशन वॅगन आहे. १९९० मध्ये तिची जागा ८० मालिकेने घेतली. स्वतंत्र पोलादी चासी, पुढे व मागे अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि साधी यांत्रिक रचना ही तिची मुख्य वैशिष्ट्ये आहेत. या साधेपणामुळे सामान्य अवजारे आणि दुरुस्ती-पुस्तिका यांच्या आधारे मालकाला तिची बरीचशी दुरुस्ती स्वतः करता येते. उत्पादन थांबून तीन दशके उलटल्यानंतरही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आफ्रिका, पश्चिम आशिया व जपान येथे या मालिकेतील गाड्या वापरात आहेत.

पार्श्वभूमी

लँड क्रूझरचा आरंभ १९५१ मध्ये तयार झालेल्या ‘टोयोटा जीप बीजे’ या वाहनापासून झाला. ‘जीप’ हे नाव अमेरिकेतील विलीज कंपनीशी निगडित असल्यामुळे १९५४ मध्ये टोयोटाने आपल्या वाहनाला ‘लँड क्रूझर’ असे नाव दिले. १९६७ मध्ये आलेली ५५ मालिका ही कुटुंबाच्या प्रवासाचा विचार करून आखलेली बंद टपाची स्टेशन वॅगन होती. ६० मालिका ही तिची उत्तराधिकारी होय. ओबडधोबड रस्त्यांवर टिकाव धरण्याची क्षमता कायम ठेवून तिच्यात अधिक आरामदायी आसने, वातानुकूलन आणि पॉवर स्टिअरिंग यांसारख्या सोयी देण्यात आल्या.

रचना

गाडीचा वरचा सांगाडा शिडीच्या आकाराच्या चासीवर रबरी बुशांच्या आधाराने बसवलेला असतो. दोन अ‍ॅक्सलमधील अंतर २,७३० मिलिमीटर आहे. पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. एअरबॅग किंवा चाके अडकू न देणारी ब्रेक प्रणाली या मालिकेत नाही.

चारही चाकांना शक्ती देण्याची व्यवस्था अंशकालीन स्वरूपाची आहे. सर्वसाधारण रस्त्यावर फक्त मागील चाके गाडी ओढतात आणि गरज पडल्यास ट्रान्सफर केसच्या साहाय्याने पुढील चाके जोडली जातात. वळण घेताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजेच तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापतात. ट्रान्सफर केसमध्ये हा फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून गाडी चालवल्यास शाफ्ट व गिअर यांवर पीळ बसतो. चिखल, वाळू किंवा बर्फ यांवर चाके थोडी घसरतात आणि हा पीळ आपोआप सुटतो. जुनी गाडी प्रथमच घेणाऱ्यांकडून याच बाबतीत वारंवार चूक होते.

अनेक आवृत्त्यांत पुढील चाकांवर हाताने फिरवण्याचे फ्री-व्हीलिंग हब असतात. ते मोकळे ठेवल्यास पुढील अ‍ॅक्सलचे अंतर्गत भाग विनाकारण फिरत नाहीत.

प्रमुख आवृत्त्या

एफजे६० : ४.२ लिटरचे सहा सिलिंडरचे ‘२एफ’ पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटरसह.
एफजे६२ : ४.० लिटरचे ‘३एफ-ई’ पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणासह. अमेरिकेत ही आवृत्ती स्वयंचलित गिअरबॉक्ससह विकली गेली.
बीजे६० : ३.४ लिटरचे चार सिलिंडरचे ‘३बी’ डिझेल इंजिन.
एचजे६० : ४.० लिटरचे सहा सिलिंडरचे ‘२एच’ डिझेल इंजिन.
एचजे६१ : ४.० लिटरचे टर्बोचार्जर असलेले ‘१२एच-टी’ डिझेल इंजिन.

सुरुवातीच्या गाड्यांना दोन गोल दिवे होते, तर नंतरच्या अनेक गाड्यांना चार चौकोनी दिवे देण्यात आले. मागील बाजूस वर-खाली उघडणारी दोन फाळके किंवा कपाटासारखे दोन दरवाजे असे दोन प्रकार आढळतात. जपानी बाजारपेठेतील बऱ्याच डिझेल गाड्यांची विद्युत प्रणाली २४ व्होल्टची असते. अशा गाडीत १२ व्होल्टचा दिवा किंवा रिले बसवल्यास तो तत्काळ जळतो.

खरेदीपूर्व तपासणी

या गाडीची इंजिने दीर्घायुषी मानली जातात, मात्र सांगाड्याचा पत्रा गंजास बळी पडतो. त्यामुळे जुनी गाडी घेताना इंजिनाच्या आवाजापेक्षा पत्र्याची अवस्था अधिक महत्त्वाची ठरते. टपाच्या कडेची पन्हळ, पुढील काचेची चौकट, मागील चाकांवरच्या कमानी, दरवाज्यांखालील उंबरे, मागचे फाळके आणि पायाखालील तळ या जागी पाणी व चिखल साचून राहतो. बाहेरून रंगाचा लहानसा फुगवटा दिसत असला, तरी आतील पत्रा बराच खाल्ला गेलेला असू शकतो. नुकताच रंग दिलेल्या गाडीच्या कमानींवर लोहचुंबक लावून पाहिल्यास पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली जागा ओळखता येते.

इंजिन बिघडल्यास ते उतरवून दुरुस्त करता येते किंवा दुसरे बसवता येते. गंजलेली चासी कापून जोडणे हे मात्र कुशल वेल्डरचे काम असून त्यावर गाडीतील सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते. कमी किमतीत मिळालेली गंजकी गाडी शेवटी महाग पडते ती याच कारणाने.

स्वदुरुस्ती

टोयोटाने या मालिकेसाठी इंजिन, चासी व सांगाडा यांच्या सविस्तर दुरुस्ती-पुस्तिका प्रसिद्ध केल्या होत्या. प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळावा, कोणत्या भागांत किती अंतर असावे व कोणता भाग कोणत्या क्रमाने काढावा, हे त्यांत आकृत्यांसह दिलेले आहे. स्वदुरुस्ती करणाऱ्या मालकासाठी पुस्तिका आणि टॉर्क पाना ही दोन मूलभूत साधने होत.

तेल बदलणे : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा व मागचा डिफरन्शिअल यांत स्वतंत्र तेल असते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलचे तेल काढताना आधी भरण्याचे बूच सैल होते याची खात्री करून मगच खालचे बूच उघडण्याचा प्रघात आहे. खालून तेल सांडून गेले आणि वरचे बूच गंजून अडकलेले निघाले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांच्यामधील सील झिजल्यास एकाचे तेल दुसऱ्यात जाते. त्यामुळे बाहेर थेंबही न गळता एकातील पातळी घटते व दुसऱ्यातील वाढते. म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी तपासली जाते.

व्हॉल्व्हचे अंतर : ‘२एफ’ इंजिनात टायमिंग बेल्ट नसतो, कॅमशाफ्ट गिअरवर चालतो. व्हॉल्व्ह व रॉकर यांतील अंतर मात्र ठरावीक काळाने जुळवावे लागते. इंजिन गरम असताना ते इनलेट व्हॉल्व्हसाठी ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी ०.३५ मिलिमीटर ठेवले जाते. अंतर जास्त झाल्यास टकटक असा आवाज येतो. अंतर फार कमी झाल्यास आवाज येत नाही, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता जळतो. त्यामुळे शांत चालणारे इंजिन नेहमीच निरोगी असते असे नाही.

प्रज्वलन : या इंजिनाचा प्रज्वलनक्रम १-५-३-६-२-४ असा आहे. प्रज्वलनाची वेळ जुळवण्यासाठी फ्लायव्हीलच्या कडेवर एक लहान पोलादी छर्रा बसवलेला असतो. बेलहाउसिंगच्या खिडकीतून टायमिंग लाइटच्या उजेडात तो खुणेसमोर आलेला पाहून डिस्ट्रिब्युटर आवळला जातो.

पुढील अ‍ॅक्सलचे नकल : या गाडीच्या स्वदुरुस्तीतील सर्वांत परिचित आणि सर्वांत घाणेरडे काम म्हणजे पुढील नकल उघडून साफ करणे. चाके वळवूनही त्यांना शक्ती पोहोचावी यासाठी अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना बर्फील्ड जातीचे सांधे असतात. ते नकलच्या गोल पोकळीत ग्रीसमध्ये बुडालेले असतात. आतील सील झिजले की डिफरन्शिअलचे पातळ तेल या पोकळीत शिरते व ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळू लागते. चाकाच्या आतील बाजूस दिसणारे काळे ओघळ हे त्याचे लक्षण होय. दुर्लक्ष झाल्यास सांधा झिजतो आणि वळताना कटकट असा आवाज येऊ लागतो.

या कामासाठी हब उतरवावा लागतो. हबच्या स्टडवर शंकूच्या आकाराचे वॉशर घट्ट बसलेले असतात. पितळी दांडा ठेवून हातोडीने ठोके दिल्यास ते सुटतात. आतील नट काढण्यासाठी ५४ मिलिमीटरचे सॉकेट लागते. छिन्नी व हातोडीने हा नट फिरवल्यास त्याच्या कडा तर खराब होतातच, शिवाय पुन्हा बसवताना बेअरिंगवरील दाबही अचूक साधत नाही. नकलच्या वरच्या व खालच्या बेअरिंगखालील पातळ चकत्यांची जागा बदलू नये म्हणून त्या खूण करून वेगळ्या ठेवल्या जातात. सांध्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस वापरले जाते.

जोडणी करताना स्टिअरिंग आर्मच्या स्टडकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हे स्टड सैल राहिल्यास हळूहळू झिजून तुटू शकतात, आणि ते तुटल्यास त्या चाकावरील स्टिअरिंगचा ताबा सुटतो. पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार ते आवळणे आणि काही अंतर गाडी चालवल्यावर पुन्हा तपासणे आवश्यक असते.

पाटे : जुने पाटे बसतात, त्यांच्या बुशा झिजतात आणि गाडी एका बाजूला झुकते. नवे पाटे बसवल्यावर त्यांचे यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले जातात, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी पाट्यांची थप्पी दबते.

कार्यशाळेत न्यावयाची कामे

स्वदुरुस्तीला मर्यादा आहेत. डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप व इंजेक्टर यांचे मापन विशेष यंत्रावरच होऊ शकते. सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे, डिफरन्शिअलच्या गिअरांची जुळणी करणे आणि चासीचे वेल्डिंग ही कामेही अनुभवी कारागिराकडे सोपवणे योग्य ठरते.

सुरक्षितता

सुमारे दोन टन वजनाची ही गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे जिवावर बेतू शकते. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून, चाकांना अडण्या लावून आणि चासी किंवा अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड ठेवूनच काम करावयाचे असते. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक अचानक फुटू शकतात, म्हणून ते आधारासाठी वापरले जात नाहीत.

त्या काळातील ब्रेक व क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवणे टाळून ती ओल्या फडक्याने पुसली जाते. वापरलेले इंजिन तेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे लागते.

सुटे भाग

बेअरिंग, सील, ब्रेकचे भाग आणि फिल्टर यांसारखे झिजणारे भाग अनेक देशांत उपलब्ध आहेत, कारण त्यांपैकी बरेच भाग लँड क्रूझरच्या इतर मालिकांतही वापरले गेले. याउलट, दरवाज्यांची रबरे, आसनांची कापडे, डॅशबोर्डचे प्लास्टिक आणि बाहेरील पट्ट्या मिळणे कठीण असते. काही मालक त्यासाठी दुसरी बंद पडलेली गाडी विकत घेऊन तिचे भाग काढतात.

मूळ इंजिन कायम ठेवावे की बदलावे, याविषयी मालकांमध्ये मतभेद आहेत. ‘२एफ’ इंजिनाची गाडी एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण पाच-सहा किलोमीटर चालते व चढावर मंदावते. त्यामुळे अमेरिकेत अनेकांनी तिथे मुबलक मिळणारी व्ही-८ इंजिने बसवली. अशा बदलाने वेग वाढतो, मात्र दुरुस्ती-पुस्तिका पूर्णपणे लागू पडत नाही आणि पुढील मालकाला गाडी समजून घेणे अवघड जाते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना आयातीच्या वेळी संघीय सुरक्षा-मानकांतून सूट मिळते. त्यामुळे मूळतः तिथे न विकल्या गेलेल्या डिझेल आवृत्त्या नंतर जपान व इतर देशांतून तिथे पोहोचल्या.

भारतात खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ वाहनाचा दर्जा मिळण्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे. १९८० नंतरची ६० मालिका त्या मर्यादेत अद्याप बसत नाही.

भारतीय वाहनांशी साम्य

महाराष्ट्रातील वाचकांना या गाडीची रचना अपरिचित वाटणार नाही. महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. स्वतंत्र चासी, अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा व अंशकालीन चारचाकी शक्ती ही तत्त्वे त्या जीपमध्ये व तिच्या वारसदार वाहनांतही होती. जीपचे हब उघडणे, बेअरिंगमध्ये ग्रीस भरणे, पाटे बदलणे किंवा व्हॉल्व्हचे अंतर जुळवणे ही कामे करणाऱ्या मेकॅनिकला ६० मालिकेतील मापे नवी असली, तरी कामाची पद्धत ओळखीचीच असते.