साच्यातून आज्ञावली : वितरित जावा प्रणालींचे कोड जनरेटर

इंदूरजवळच्या राऊ येथील एखाद्या महाविद्यालयाची ग्रंथालय-प्रणाली अनेक संगणकांवर विभागून चालवायची आहे, असे समजू. ‘एंटरप्राइज जावाबीन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत केवळ ‘सभासद’ या घटकासाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस आणि प्रत्यक्ष बीन अशा तीन जावा फाइली लिहाव्या लागत. एक्सएमएल फाइलीतील नोंद वेगळीच. नावे तेवढी बदलत, बाकी मजकूर तोच.

हा तोच-तो मजकूर साच्यात एकदाच लिहिला जातो आणि बदलणाऱ्या जागा मोकळ्या ठेवल्या जातात. घटकांची नावे व गुणधर्म वेगळ्या वर्णनात असतात. ‘व्हेलॉसिटी’सारखे इंजिन दोहोंची सांगड घालून फाइली तयार करते. साच्यातली चूक मात्र शंभर घटकांत शंभरदा उमटते. शिवाय तयार फाइलीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या फेरीत पुसली जाते. म्हणून दंडआकारणीसारखे नियम स्वतंत्र उपवर्गात लिहावेत. हे पथ्य मोडले की जनरेटर पुन्हा चालवण्याची कोणाची छाती होत नाही.

पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रातील संशोधनातून आलेले ‘मास्टरक्राफ्ट’ याच दिशेचे : प्रणालीचे प्रतिमान मांडायचे, आज्ञावली साधनाने घडवायची. जावाबीन्सच्या २००६ मधील तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅनोटेशन आले, होम इंटरफेसची सक्ती गेली आणि साच्यांचे बरेचसे काम तिथेच हलके झाले.